चकचकीत प्रिंटवर गिऱ्हाइकाची सही घेऊ नका

महिनाभरात तो मेसेज मला चार ग्रुपवर आला. मी वाचला आणि सोडून दिला. मग तो माझ्या भाचीपर्यंत पोचला, तिने त्यावर विश्वास ठेवला आणि तिचे पैसे बुडाले. आता सोडत नाही.

मेसेज थोडक्यात असा. गिऱ्हाइकाला आर्टवर्कचं कलर प्रूफ, म्हणजे छपाईआधी रंग दाखवणारा नमुना, द्यायला महागडा प्रिंटर लागत नाही. सहा रंगांचा इंक टँक घ्या, ग्लॉसी फोटो पेपर घाला, क्वालिटी ‘बेस्ट’ ठेवा, ऑफसेटसारखंच, म्हणजे प्रेसमधल्या छपाईसारखं, हुबेहूब येतं. डीपीआय (एका इंचात किती ठिपके) जितका जास्त तितका रंग अचूक. लेझर असेल तर आणखी उत्तम, कारण त्यात ऑफसेटचेच चार रंग. शाई बाहेरची भरली तरी चालते. प्रोफाइल (ठरावीक यंत्र, शाई आणि कागदावर रंग कसे उमटतात त्याची फाइल) आणि रिप (फाइलचे छपाईचे ठिपके बनवणारं) सॉफ्टवेअर हा कंपन्यांचा पैसे काढायचा धंदा. आणि शेवटी: प्रूफवर गिऱ्हाइकाची सही घेतली की जबाबदारी त्याची.

भाची येवल्यात आर्टवर्कची कामं करते. पैठणीच्या एका दुकानाचं आठ पानी कॅटलॉग तिच्याकडे आलं. तिने मेसेजबरहुकूम प्रिंट काढले. फोटो पेपरवर राणी रंगाची साडी अशी उठून दिसत होती की मालकांनी उभ्या उभ्या सही केली. २,००० प्रती छापून आल्या त्या १७० जीएसएम आर्ट पेपरवर (गुळगुळीत लेप दिलेला कागद), वर मॅट लॅमिनेशन. राणी रंग बसलेला, मोरपिशी मळलेला, जांभळा काठ काळ्याकडे गेलेला. मालकांनी सही केलेला कागद शेजारी ठेवला आणि म्हणाले, “ताई, मी याला हो म्हटलं होतं.” बिल अडकलं ते अडकलंच.

छापलेली शीट तिने माझ्याकडे आणली. भिंगाखाली पाहिली. रजिस्टर, म्हणजे चारही रंगांचे ठसे, एकमेकांवर बरोबर बसले होते, शाई जितकी चढायला हवी तितकीच चढली होती. मशीनमनने काम नीट केलं होतं. चूक सही घेतलेल्या कागदातच होती.

म्हणून सहीचा मुद्दा आधी घेतो. सगळ्यात घातक तोच आहे. प्रूफ म्हणजे मशीनवरून काय निघणार याचा शब्द. इंक टँकची डायची (विरघळलेल्या रंगाची) शाई चकचकीत फोटो पेपरवर जितके तेजस्वी रंग देते, त्यातले कित्येक ऑफसेटच्या चार शायांना आर्ट पेपरवर गाठताच येत नाहीत. भडक जांभळा, मोरपिशी, हिरवा इथे हा फरक डोळ्यात भरतो, आणि पैठणीच्या कॅटलॉगमध्ये नेमके हेच रंग असतात. वरून मॅट लॅमिनेशन चढलं की रंग आणखी एक पायरी उतरतो. म्हणजे गिऱ्हाइकाने ज्या रंगावर सही केली तो त्या कामात येणारच नव्हता. अशा सहीने जबाबदारी त्याच्यावर जात नाही. तुम्ही काय कबूल केलं होतंत, याचा लेखी पुरावा त्याच्या हाती येतो. इतकी साधी गोष्ट उलटी करून सांगणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी नाकारलेला जॉब परत घेतला आहे का, हा माझा प्रश्न आहे.

आता ‘हुबेहूब’. हा शब्द मोजता येतो. डिजिटल फाइलवरून काढलेल्या प्रूफसाठी आयएसओ १२६४७ या मानकाचा सातवा भाग आहे. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे प्रूफवर रंगपट्टी छापलेली असावी लागते, आणि तिच्यावरच्या चौकटी मोजून ठरलेल्या छपाईच्या आकड्यांशी सरासरी फरक डेल्टा ई २००० या रंगफरकाच्या मापाने २.५ च्या आत बसावा लागतो. जर्मनीच्या फोग्रा संस्थेची पट्टी सर्रास वापरतात, तिच्यावर ७२ चौकटी असतात. शिवाय प्रूफच्या कडेला फाइलचं नाव, तारीख, कोणत्या छपाईचं अनुकरण केलंय, कोणता कागद, हे छापावं लागतं. पट्टी नाही, मोजणी नाही, कडेला ओळ नाही, तर ते प्रूफ नव्हे, नुसता प्रिंट आहे. भाचीच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं.

आणि हुबेहूब न येण्याचं कारण तुमच्या टेबलावरच दिसेल. घरगुती प्रिंटरचा ड्रायव्हर फाइल आरजीबी म्हणून, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा हिशोबात घेतो. तुम्ही सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत मांडलेले आकडे तिथे संपतात आणि ड्रायव्हर स्वतःच्या मर्जीने शाया मिसळतो. खात्री करायची असेल तर फक्त ५० टक्के काळ्याची चौकट काढा आणि भिंग लावा. नुसते काळे ठिपके दिसायला हवेत, पण निळे, गुलाबी, पिवळेही दिसतील. तीच चौकट ट्यूबलाइटखाली बघा, मग खिडकीशी नेऊन बघा. करडा रंग एकीकडे हिरवट, एकीकडे गुलाबीसर वाटू शकतो. प्रूफ बघायला ५,००० केल्विनचा डी५० उजेड ठरवून दिलाय तो यासाठीच. गिऱ्हाइकाला दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली प्रूफ दाखवून ‘रंग ओके ना?’ विचारण्यात अर्थ नाही.

बाकीचे मुद्दे पटापट. डीपीआय म्हणजे ठिपके किती बारीक टाकता येतात ते. रंग बरोबर की चूक, याच्याशी त्याचा संबंध नाही. ५,७६० डीपीआयवर चुकीचा लाल फक्त जास्त गुळगुळीत दिसेल. लेझरमध्ये चार रंग असतात हे खरं, पण टोनर म्हणजे ऑफसेटची शाई नव्हे, आणि हवेतला दमटपणा बदलला की त्याचा रंग हलतो. कॅलिब्रेशन, म्हणजे मोजून रंग ठिकाणावर आणणं, केलेलं नसेल तर सकाळचा आणि संध्याकाळचा प्रिंट जुळत नाही. बाहेरची शाई भरली की आधीचं प्रोफाइल बाद.

रिपबद्दल मात्र त्या मेसेजला अर्धं माप द्यावं लागेल. महिन्याला चार-पाच रंगाची कामं करणाऱ्या टेबलाला महागडं रिप लागतंच असं नाही. फोटोशॉप आणि इनडिझाइनच्या प्रिंट खिडकीतच प्रूफचा पर्याय असतो, कागदाचा पांढरा रंगही त्यात धरता येतो. प्रोफाइल बनवायला अर्गाइल सीएमएस हे फुकट सॉफ्टवेअर आहे, मोजायचं यंत्र मात्र हवं. पण ‘प्रोफाइलच नको’ हे त्यातून निघत नाही. प्रोफाइलच तर प्रिंटरचे रंग ऑफसेटच्या मर्यादेत आणून ठेवतं.

मग प्रिंटर घ्यायचा कुठला? रंगाचं प्रूफ द्यायचं असेल तर पिगमेंट (बारीक रंगकणांच्या) शाईचा, ए३+ म्हणजे ३२९ बाय ४८३ मिमी कागद घेणारा. ए४ ची दोन पानं जोडून, ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर सोडलेली छपाई) आणि कटमार्कसकट त्यावर बसतात. एपसनचा शुअरकलर पी७०० किंवा कॅननचा इमेजप्रोग्राफ प्रो-३००, दोन्ही या मापाचे आहेत, दोघांत दहा-दहा टँक. कागद प्रूफिंगचा, सेमीमॅट. फोटो पेपर नको. घेण्याआधी प्रेसला विचारा, कोणत्या प्रोफाइलवर छापता. उत्तर मिळालं नाही तर आर्ट पेपरला निदान फोग्रा ३९ हे तयार प्रोफाइल धरा. मॅपलिथोला (लेप नसलेल्या कागदाला) ते चालणार नाही, त्याचं वेगळं घ्यावं लागतं. सोनेरी फॉइल आणि धातूची शाई यातल्या कशावरही दिसणार नाही, त्यासाठी नमुना हातातच द्यावा लागतो. आणि वर्षातून दोनदाच गरज पडत असेल तर प्रिंटर घेऊच नका, मोजलेलं प्रूफ देणाऱ्या प्रीप्रेसकडून (छपाईआधीची तयारी करणाऱ्यांकडून) काढून आणा.

भाचीचा इंक टँक फेकायचा नाहीये. मजकूर, ऱ्हस्व-दीर्घ, फोन नंबर, पानांचा क्रम, फोटोंची जागा तपासायला तो उत्तम आहे. तिला मी एक रबरी शिक्का करून दिलाय: “फक्त मजकूर व मांडणीसाठी. रंग यावरून धरू नये.” आता प्रत्येक प्रिंटवर आधी तो उमटतो, मग त्याखाली गिऱ्हाइकाची सही.