सरकारी दगड, घरची वेधशाळा

२०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच रणकंदन: बाकीचा वारसा सरकार का जपत नाही? मी सिडनीत राहतो, म्हणून ‘बघ, तुमच्याकडे कसं जपतात’ हे दर वेळी मला ऐकावं लागतं.

परवा सिडनीजवळच्या विंडसरला जाऊन आलो. हॉक्सबरी नदीकाठच्या या गावातल्या जॉन टेबट या शेतकऱ्याला १३ मे १८६१ रोजी एक धूमकेतू दिसला. पुढे त्याच धूमकेतूने सगळ्या जगाला माना वर करायला लावल्या. दुसऱ्या वर्षी सरकारी खगोलशास्त्रज्ञाचं पद चालून आलं, ते त्याने नाकारलं. १८६३ मध्ये शेतातच, पदरच्या पैशाने लाकडी वेधशाळा बांधली आणि १८७९ मध्ये विटांची. ती विटांची अजून उभी आहे. भिंतीला हात लावला तर उन्हाने तापलेली, समोर नदीकाठची सपाट जमीन. पुराला तर ही नदी कुप्रसिद्धच. टिकली ती घरच्यांमुळे, सरकारचा त्यात वाटा फार थोडा.

सरकारी वेधशाळा बघायची तर माझ्या घराजवळ पॅरामॅटाला. गव्हर्नर ब्रिस्बेनने १८२२ मध्ये ती उभारली, पुढे सरकारने घेतली, आणि १८४७ मध्ये बंद केली. आता बागेत दोन दगडी खांब उरलेत. दुर्बीण बसवायची ती त्यांच्यामधल्या फटीत. लोक तिथून कुत्री फिरवतात.

टेबट १९८४ च्या शंभर डॉलरच्या नोटेवर होता, १९९६ मध्ये नवी नोट आली आणि तो गेला. ऑफिसात विचारलं, नाव कुणालाच माहीत नाही. तेव्हा ‘इकडे सगळं छान’ हे मला मान्य नाही.

आणि पुणं? कावसजी दादाभाई नायगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आताचं सीओईपी) वेधशाळा काढली. ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण! १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ते जेऊरला तळ ठोकून होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळेला कुलूप लागलं, दुर्बीण कोडाईकनालला गेली. इतक्या मोठ्या कामामागे एकच माणूस होता. सरकारला शिव्या घालताना हेही आठवावं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. एकाचं उत्तर आलं: ‘अरे, मी चार वर्षं त्याच कॉलेजच्या हॉस्टेलला होतो. वेधशाळा कुठे होती म्हणालास?’