एक परवाना, पन्नास राज्यं? नाही

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर फिरणारा मजकूर असा: ‘कन्सील्ड कॅरी परमिट (पिस्तूल लपवून सोबत बाळगायचा परवाना) ड्रायव्हिंग लायसन्ससारखंच, सगळीकडे चालतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. वाटेत अडवलं तर फेडरल (केंद्रीय) कायदा सोडवतो. शिवाय निम्म्याहून जास्त राज्यांत परवाना लागतच नाही.’ शेवटचं वाक्य तेवढं खरं, तेही अर्धवट.

बाहेरचा परवाना मानायचा की नाही, हे ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया एकही मानत नाहीत. २०२२ च्या निकालाने न्यू यॉर्कची ‘खास कारण दाखवा’ ही अट गेली, परवाना नाही गेला. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका बाईने न्यू जर्सीत गाडी अडवल्यावर पोलिसाला आपणहून पिस्तुलाबद्दल सांगितलं. पेनसिल्व्हेनियाचा परवाना असूनही अटक झाली, साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या कैदेची वेळ आली. २०१५ मध्ये गव्हर्नरांनी माफी दिली.

राहिला १९८६ चा फेडरल कायदा. तो पिस्तूल नेण्यापुरता आहे, कमरेला लावण्यासाठी नाही. निघता तिथे आणि पोहोचता तिथे, दोन्हीकडे ते बाळगणं कायदेशीर हवं. म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनहून न्यू जर्सीतल्या एडिसनला किराणा आणायला निघालात तर त्याचा उपयोग शून्य. पिस्तूल रिकामं हवं. ते आणि गोळ्या, दोन्ही डिकीत, बसल्या जागेवरून हात पोहोचणार नाही अशा. एसयूव्हीला वेगळी डिकी नसते, म्हणून कुलूपबंद पेटी लागते. ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल कुलूप लावूनही चालत नाही.

विमानप्रवासात तर फारच सांभाळा. २००५ मध्ये युटाहून अ‍ॅलनटाउनला निघालेल्या प्रवाशाचं पुढचं विमान न्यू जर्सीतल्या नेवार्कला चुकलं. बॅग घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला, सकाळी चेक-इनला पिस्तूल जाहीर केलं आणि पकडला गेला. खटला नंतर मागे घेतला गेला, पण भरपाईचा दावा २०१० मध्ये अपील कोर्टाने फेटाळला: बॅग रात्रभर हाताशी होती. तिथे अडकलात तर बॅग ताब्यात घेऊ नका, एअरलाइनलाच पुढे पाठवू द्या.

परवाना न लागणाऱ्या राज्यात राहत असाल तरी परवान्याचं कार्ड काढा. शेजारचं राज्य मानलंच तर ते कार्डच मानतं. शाळेपासून १,००० फुटांच्या आत पिस्तूल बाळगायला असलेल्या फेडरल बंदीतून सूटही शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याच्या परवान्याला मिळते, पाहुण्याच्या नाही.

आणि फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कितीजण एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर आहेत? शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर त्यांनी पिस्तूलच काय, एक गोळी बाळगणंही फेडरल गुन्हा आहे, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.