एका ओव्हरटेकची गजाल

शनिवारी दुपारनंतर पाऊस जरा उघडला तसे सगळे बर्फाच्या कारखान्याजवळच्या कट्ट्यावर जमलो. होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंदीचे अजून पाच दिवस बाकी, त्यात आदल्याच दिवशी श्रावण लागलेला. हाताला काम नाही आणि ताटात मासळी नाही, अशी माणसं एकत्र बसली की भांडायला विषय तेवढा लागतो. तो पक्यानं आणला, फॉर्म्युला वनचा.

"चार," मोबाइल वर धरून तो म्हणाला. "दहापैकी चार. तेही पहिल्या लॅपचे."

पक्या पुण्याच्या कंपनीत आहे, पण जूनपासून घरूनच काम चालतं. तो प्रत्येक गोष्टीला गुण देतो. परवा आईच्या सोलकढीला साडेसात दिले, तर काकूंनी वाटी उचलून नेली आणि म्हणाल्या, उरलेले अडीच पुण्याक जाऊन पी.

बेल्जियममधल्या स्पाची 2025 ची स्प्रिंट, म्हणजे रविवारच्या मोठ्या रेसआधीची शनिवारची छोटी रेस, नुकतीच संपली होती. आम्ही पाच जणांनी सुऱ्याच्या घरी एकाच मोबाइलवर बघितली, मधे दोनदा नेटवर्क गेलं, तरी सगळं कळलं. कारण कळण्यासारखं एकच होतं. मॅकलारेनचा पियास्त्री पोलवरून, म्हणजे पहिल्या जागेवरून सुटला आणि पहिल्याच लॅपला ओ रूजचा चढ चढून केमेलच्या सरळ रस्त्यावर येईपर्यंत रेड बुलचा वर्स्टापेन त्याच्या पाठीवर बसला होता. पुढच्या वळणाला वर्स्टापेन पुढे. मग शेवटपर्यंत पुढेच.

"पोलवाला क्वालिफायिंगला, म्हणजे सुटायच्या जागा ठरवतात तेव्हा, जवळजवळ अर्ध्या सेकंदानं फास्ट होता," पक्या म्हणाला. "स्पाला अर्धा सेकंद म्हणजे चेष्टा नाही. आणि रेसला 15 लॅपमध्ये लीडसाठी ओव्हरटेक किती? एक! एंटरटेनमेंट व्हॅल्यू बघा ना. शंभर किलोमीटर पळायचं, पिट स्टॉपची सक्ती नाही, स्ट्रॅटेजी नाही. टायर लावले, सुटले, आले. पहिल्या मिनिटानंतर मी ईमेल चेक करत होतो."

"ता आमी बघलंव," बाबू म्हणाला. "मोबाइल तुझो होतो. अर्धी रेस आमी तुझ्या साहेबाची मेल बघलंव."

दाजी आतापर्यंत गप्प होते. दाजी म्हणजे 31 वर्षं एसटीची ड्रायव्हरी. निवृत्तीनंतर मुलीच्या मुलामुळे फॉर्म्युला वनचा नाद लागला. नातू आता क्रिकेटकडे वळला, दाजी इथेच राहिले. त्यांनी तंबाखू मळली, दाढेत सारली आणि पक्याकडे वळले.

"तुझ्या मागे कधी डंपर बसलो हा काय रे?"

"म्हणजे?"

"फोंडा घाटात. रात्रीचो. तेचो लाईट तुझ्या आरशात. तू जोरात घेतलंस, तो जोरात. तू दाबलंस, तो दाबता. हॉर्न मारीना, पुढे जायना, मागे रवना. असो 14 लॅप. मगे माका सांग, काय झाला नाय म्हणून."

मी इथे कबूल करून टाकतो की माझा कल दाजींकडे आहे. त्या पियास्त्रीनं सगळी रेस सेकंदभराच्या अंतरानं मागे बसून काढली. अंतर कमी व्हायचं, वाटायचं आता गेला, आणि पुन्हा वळणातून बाहेर पडताना तितकंच. मी श्वास धरून बघत होतो. पक्याच्या भाषेत याला 'काहीच झालं नाही' म्हणतात.

"पण डीआरएस होतं ना!" पक्या उसळला. "मागच्याला स्ट्रेटला मागची विंग उघडून जोरात पळायची मुभा असूनही जमत नाही, कारण रेड बुलनं विंग बारीक लावली होती. स्ट्रेटला ती गाडी पकडताच येत नव्हती. रेस गॅरेजमध्येच जिंकली. ड्रायव्हरनं केलं काय?"

पक्यानं गॅरेज हा शब्द उच्चारायला नको होता. बाबूचं गॅरेज आहे.

"बारीक विंग फुकट गावता काय?" बाबू कट्ट्यावरून खाली उतरला. तो तांत्रिक बोलायला लागला की उभा राहतो. "सरळ पळताला, बरोबर. पण मधल्या वळणांनी गाडी रस्त्याक धरूक नाय. थंय मागचो जास्त विंगवालो तुका खाऊक येता. मागचो टायर सरकता, तू स्टेअरिंगार सांभाळतंस, आणि तसाच 15 येळा. ता गॅरेजवालो करता? मग परवा माझ्या हातची स्कूटर घेऊन तू गटारात गेलंस, ता पण माझा काम?"

"ब्रेक लागले नव्हते!"

"ब्रेक लागूक ते दाबूचे लागतत."

सुऱ्याला यात रस नव्हता. सुऱ्या फेरारीवाला. डोक्यावरची लाल टोपी खाऱ्या वाऱ्यानं गुलाबी झालीय, पण काढत नाही. त्याचा हॅमिल्टन आदल्या दिवशी स्प्रिंटच्या क्वालिफायिंगला गिरकी खाऊन 18वा सुटला आणि 15वा आला. "स्प्रिंटचा नाव काढू नको माझ्यासमोर," तो म्हणाला. "ह्याच माणसान 2021 साली ब्राझीलात इंटरलागोसला 20व्यावरून सुटून 24 लॅपात पाचवो नंबर काढल्यान. त्येका म्हणतत स्प्रिंट."

"त्याला मी साडेनऊ दिले होते," पक्या.

"आणि ह्या वर्साक चीनची स्प्रिंट कोणी मारल्यान?"

"तुझ्यानीच मारली," दाजी म्हणाले. "आणि रविवारी काय झाला?"

सुऱ्या गप्प. रविवारी हॅमिल्टनच्या गाडीखालची फळी ठरल्यापेक्षा जास्त झिजलेली निघाली, फेरारीच्याच लेक्लेरची गाडी वजनात कमी भरली, आणि दोघंही बाद. त्या रात्री सुऱ्यानं टोपी काढली होती म्हणतात. आम्ही पाहिलेलं नाही.

मग पक्यानं उपाय काढला. एफ टू, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीसारखी उलटी ग्रिड करा, सुटायच्या जागा उलट्या लावा. तिथे स्प्रिंटला क्वालिफायिंगचे पहिले दहा उलटे उभे करतात, दहावा पोलवर. "मे महिन्यात मोनाकोला कुश मैनी तसाच तर पुढे सुटला आणि जिंकला! भारतीय ड्रायव्हर, मोनाको, बघा किती मजा आली."

"मजा कित्याक आली?" दाजींनी विचारलं. "पुढच्याक मागे घातल्यानी म्हणून, की ह्या पोरग्यान मागच्यांका पुढे येऊक देऊक नाय म्हणून?"

पक्या थांबला. मोनाकोला कुशनं केलं ते हेच, की पुढे सुटला आणि पुढेच राहिला. म्हणजे पक्याच्या वहीत त्याला फार तर तीन गुण पडायला हवे होते.

"ता वेगळा," पक्या चक्क मालवणीत म्हणाला. तो अडचणीत आला की पुणं सुटतं.

दाजींना आता सूर लागला होता. "तुमची चूक खंय होता सांगू? तुमी आडदशावतार बघूक बसतंत आणि आख्यानाचो हिशोब मागतंत. संकासूर नाचता, भटजी फजिती करून घेता, लोका पानां खातत, पोरां झोपतत. तेच्यात राक्षस मरूक होयो असा कोण म्हणता? आख्यान मध्यरात्रीनंतर." (आडदशावतार म्हणजे दशावतारी नाटकातला आख्यानाआधीचा पूर्वरंग.)

"पण दाजी, संकासुराला पॉइंट देत नाहीत ना!" यावेळी पक्यानं खरंच बरा मुद्दा काढला. "इथे जिंकणाऱ्याला आठ पॉइंट आहेत. आठव्यापर्यंत पॉइंट आहेत. 2023 ला कतारमध्ये वर्स्टापेन शनिवारी स्प्रिंटलाच चॅम्पियन झाला, रविवारची रेस अजून व्हायचीच होती."

"म्हणजे आडदशावतारातच राक्षस मेलो," बाबू म्हणाला. "मगे रात्रभर राजान काय केल्यान?"

"पेटी वाजवल्यान," सुऱ्या म्हणाला, आणि बराच वेळ कोणी काही बोलण्याच्या स्थितीत नव्हतं. (राजा रिकामा बसला नाही. वर्स्टापेननं रविवारची रेसही मारली होती. पण ते सांगून हशा घालवायचं पाप मी केलं नाही.)

पक्या मात्र चिकट. करमणूक मोजायची नाही तर काय मोजायचं, शेवटी हा शो आहे, लोक पैसे भरून बघतात, वगैरे. त्यावर दाजींनी जे काढलं ते मला सुचलं नसतं.

"आपल्याकडे ह्या रेशी का बंद झाल्यो? नोएडाक. 2011, 12, 13. तीन वर्सां, तिन्ही फेटेलान मारल्यान."

"टॅक्स," पक्या म्हणाला.

"खयचो टॅक्स? ह्यो खेळ नाय, ही करमणूक असा, म्हणून करमणूक कर भरा, ह्योच वाद होतो ना? म्हणजे तुझ्यासारखोच कोणतरी थंय कागद घेऊन बसलो होतो. एंटरटेनमेंट व्हॅल्यू काढल्यान, आणि रेस गेली."

हे अर्थात अर्धंच खरं. कस्टमपासून कोर्टापर्यंत इतर भानगडीही होत्या. पण कट्ट्यावर अर्धं खरं वेळेवर आलं तर पूर्ण धरतात. पक्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

इथे दाजी जिंकले असं लिहून मी थांबणार होतो, पण बाबूनं घोटाळा केला. तो मघापासून कसला तरी विचार करत होता.

"दाजी, फोंडा घाटात डंपर तुमच्या मागे होतो की तुमी डंपराच्या मागे?"

"कधी?"

"आमच्या काकाच्या लग्नाक. एसटी बुक केलेली. गाडी तुमची. राधानगरीक मुहूर्त बारा पाचचो."

दाजींनी एकदम समुद्राकडे पाहिलं. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

"अख्खो घाट तुमी त्या डंपराच्या मागे काढलात. काका बाशिंग बांधून पुढच्या सीटार. दहा येळा म्हणालो, दाजी, घ्या बाजूक. तुमी काय म्हणालात?"

"वळण होता," दाजी म्हणाले.

"वळण होता! सगळो घाटच वळण! डीआरएस काकान उघडूचा होता काय? पावणेएकाक पोचलंव. काकी अजून तेका सांगता, तेवाच परत गेलं असतंस तर बरा झाला असता."

"मागसून येवचा असता," दाजी पुटपुटले, "धीर धरूचो लागता."

"आणि त्या रेसला किती गुण, दाजी?" पक्यानं विचारलं. दिवसभरात त्याला मिळालेलं हे एवढंच.

"तुझ्या काकीक विचार," दाजी बाबूला म्हणाले, आणि स्वतःच इतके हसले की तंबाखू घशात गेली. सुऱ्यानं पाठीत थापट्या मारल्या. त्या गडबडीत त्याची टोपी गटारात पडली आणि शोधाशोध सुरू झाली. तेवढ्यात पावसाची सर आली, आणि पाच चहांचे पैसे न देताच आम्ही पळालो. म्हणजे चार जण पळालो. पक्या मोबाइल पिशवीत गुंडाळत मागे राहिला होता, त्याला चहावाल्यानं धरलं.