झोपलंय ते, त्याला काय कळतंय?

घरात मारहाण झाली की नंतर हे वाक्य हमखास येतं. मूल झोपलं होतं, आतल्या खोलीत होतं, म्हणजे सुटलं. नाही सुटलं. २०१३ साली ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी ६ ते १२ महिन्यांच्या झोपलेल्या बाळांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्या घरांत आईवडिलांची भांडणं जास्त, तिथल्या बाळांचा मेंदू रागीट आवाजाला झोपेतही जास्त प्रतिसाद देत होता. आणि ही नुसती भांडणं होती, मारहाण नव्हे.

तान्हं बाळ अंगातून सांगतं: दचकून उठणं, दूध नीट न पिणं. दोन-तीन वर्षांचं शिकलेलं विसरतं. शू पुन्हा कपड्यात, बोलणं आटतं, आई नजरेआड झाली की किंचाळतं. चार-पाच वर्षांचं मूल बाहुलीला भिंतीवर आपटून ‘गप्प बस’ म्हणतं, आणि तोच खेळ पुन्हा पुन्हा. याच वयात ते सगळ्याचं कारण स्वतःत शोधतं. ‘मी दूध सांडलं म्हणून बाबांनी आईला मारलं.’

अशा घरातल्या, वर्गात चुळबुळणाऱ्या मुलाला अतिचंचल ठरवलं जातं. खरं तर ते पहाऱ्यावर असतं, दार वाजलं तरी कान टवकारतं. पण मला जास्त काळजी वाटते ती गुणी, शांत मुलाची. आईचा चेहरा वाचत, आवाज न करता वावरणाऱ्या मुलाकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

सगळं शांत झाल्यावर त्याच दिवशी मुलाजवळ बसा. ‘काही झालं नाही’ म्हणू नका, त्याने पाहिलंय. म्हणा, ‘मोठा आवाज झाला, तू घाबरलास. यात तुझी काही चूक नाही. मारणं चुकीचंच.’ खोदून प्रश्न नकोत, कुणाची बाजू घ्यायला लावणं तर मुळीच नको. मध्ये पडायचं नाही हे आधीच शिकवा. लपायची जागा स्वयंपाकघर नसावी, तिथे सुऱ्या असतात. मोठ्या मुलाकडून मदतीसाठी कुणाला फोन करायचा, पत्ता कसा सांगायचा, हे घोकून घ्या. पण आईला वाचवण्याची जबाबदारी त्याची नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगा.

लक्षणं महिनाभर टिकली तर बालमानसतज्ज्ञाकडे जा. लहान वयात आई आणि मूल यांना एकत्र बसवून केलेले उपचार उपयोगी पडतात. मात्र घरात हात उगारणं चालूच असेल, तर आधी दोघांना सुरक्षित जागी हलवण्याचं बघावं लागतं. दचकणं ही त्या घरात मुलाची गरजच असते, ती कुठलाही तज्ज्ञ काढून घेऊ शकत नाही.