सात दिवसांत हुमणी साफ? त्या मेसेजमध्ये महिनाच नाही

दिवाळीच्या तोंडावर आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. नंतर माझ्या बहिणीच्या ठाण्याच्या ग्रुपवर तोच, मग ऑफिसातल्या बागप्रेमींच्या ग्रुपवरही. थोडक्यात तो असा:

"लॉनमधली हुमणी सात दिवसांत साफ! १०० टक्के सेंद्रिय, खर्च शून्य. भांड्यांच्या साबणाचं पाणी ओता, अळ्या वर येऊन मरतात. जाडं मीठ पसरा. कडुनिंबाचा पाला अंथरा, भुंगेरे फिरकत नाहीत. ताजं शेण द्या, गवताची ताकद वाढते. कायमचा बंदोबस्त हवा तर अमेरिकेची मिल्की स्पोर पावडर मागवा, एकदा टाकली की पंधरा वर्षं बघायला नको. सगळं नैसर्गिक आहे, कधीही करा."

खाली जोडलेले हात आणि 'जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा'.

पाठवणारे बी विंगचे काका सज्जन आहेत आणि आमचं पोडियमवरचं लॉन खरंच वाईट दिसत होतं. पण मी सांगलीकडच्या माळावरच्या गावची. आमच्याकडे हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, म्हटलं की उसाची आख्खी सरी हातात उपटून येते. त्यामुळे गप्प बसवेना.

आधी मेसेजने जे गृहीतच धरलंय त्याबद्दल. पिवळं पडलेलं प्रत्येक लॉन हुमणीचं नसतं. मुंबईत समोर टॉवर उभा राहतो आणि ऊन जातं. पावसाळ्यात पाणी तुंबून मुळं कुजतात. माळी मशीन इतकं खाली लावतो की गवताची चामडी सोलावी तसं कापलं जातं. हुमणीची खूण वेगळी. ती मुळं खाते, म्हणून गवत मुठीत धरून ओढलं की सतरंजीची घडी उचलावी तसं अलगद सुटून येतं. ओढूनही गवत मातीला घट्ट धरून असेल, तर कारण दुसरीकडे शोधा. सुटून आलं तर एक फूट बाय एक फूट चौकोन तीन बाजूंनी कापा, पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटा आणि खालची तीन-चार इंच माती चाळून अळ्या मोजा. पांढरट, डोकं तपकिरी, सहा पाय, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली. अमेरिकेतल्या लॉनवाल्यांचा ठोकताळा असा की चौरस फुटाला पाचच्या आत असतील तर निरोगी गवत ते सोसून घेतं, दहाच्या वर गेल्या तर हालचाल करा. आपल्यासाठी हा आकडा काही वेदवाक्य नाही, पण एक अळी दिसली म्हणून आख्खं लॉन खणायला निघालेल्यांना आवरायला पुरतो. आमच्याकडे पाच ठिकाणी कापलं. दोन ठिकाणी आठ आणि अकरा निघाल्या, उरलेल्या तीन ठिकाणी एकही नाही.

आता साबण. साबणाचं पाणी ओतल्यावर काहीतरी वर येतं हे खरं आहे, म्हणून तर लोकांना पटतं. पण वर येतात ती गांडुळं, आणि गवताच्या बुडाशी राहणाऱ्या काही पतंगांच्या अळ्या. त्यांची त्वचा चुरचुरते, म्हणून त्या बाहेर पडतात. हुमणी मुळांच्या थरात मातीत रुतून बसलेली असते, ती साबणाला भीक घालत नाही. म्हणजे हा उपाय करणारा माणूस आपलीच गांडुळं बाहेर काढतो, ती कावळ्यांच्या तोंडी पडतात आणि तो ग्रुपवर फोटो टाकतो: 'बघा, निघाल्या!'

मीठ. याच्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण एका कोपऱ्यात ते आमच्याकडे टाकलं गेलं. मिठाने मातीतलं पाणी मुळांना ओढता येत नाही, म्हणजे हुमणीच्या आधी गवत मरतं. वर सोडियममुळे मातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि सुकल्यावर पापुद्रा धरून दगडासारखे बसतात. तो कोपरा अजून टकला आहे. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं तेव्हा निम्मे लोक मोबाइल बघत होते. मग म्हटलं, लॉनखाली नऊ इंच माती आहे, त्याखाली स्लॅब आणि त्याखाली आपलं पार्किंग. मिठातलं क्लोराइड पाण्याबरोबर काँक्रिटमध्ये उतरलं की सळया गंजतात. एकदम शांतता. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, हे आधी सांगायचं ना." मीठ त्याच दिवशी बंद झालं. गवतासाठी नाही, गळतीच्या भीतीने. चालेल.

कडुनिंबाच्या पाल्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथे मेसेजने वस्तुस्थिती पुरती उलटी केली आहे.

मृगाचा पहिला बरा पाऊस पडला की आमचे आप्पा संध्याकाळी सातच्या सुमारास बत्ती, आकडी आणि बादली घेऊन बांधावर निघायचे. कुठल्या झाडाखाली? कडुनिंबाच्या. नाहीतर बाभळीच्या, बोरीच्या. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि रात्रभर याच झाडांचा पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं आणि पहाटेच्या आत ते परत मातीत शिरतात. आकडीने फांदी हलवली की टपाटप खाली पडायचे, आम्ही पोरं ते वेचून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचो. कडुनिंबाला भुंगेरे घाबरत असते तर आमचे जून महिने फुकट गेले असते. उलट तो त्यांचा आवडता खानावळवाला.

गोंधळ का होतो तेही समजण्यासारखं आहे. किडींना खाण्यापासून परावृत्त करणारं आणि त्यांची वाढ अडवणारं जे द्रव्य आहे, अझाडिरॅक्टिन, ते मुख्यतः निंबोळीच्या बीत असतं. म्हणून निंबोळी पेंड मातीत मिसळण्याला अर्थ आहे. अगदी लहान अळ्यांवर तिचा काही परिणाम होतो आणि नत्रही मिळतं. पण पाला वर अंथरणं म्हणजे फक्त झाडलोटीचं काम वाढवणं. आमच्या गेटजवळ कडुनिंब आहे. तो तोडा असं मी मुळीच म्हणत नाही. जूनमध्ये भुंगेरे पकडायला त्याच्याइतकी सोयीची जागा नाही.

ताजं शेण. हुमणी आणि तिचे भाऊबंद सोसायटीत बऱ्याचदा ट्रकमधूनच येतात, बाहेरून आणलेल्या लाल मातीत आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतात. गेंड्या भुंगा तर अंडी घालायला शेणाचा उकिरडाच शोधतो. तेव्हा लॉनवर ताजं शेण टाकणं म्हणजे पाहुण्यांना पान वाढून ठेवणं. खत पूर्ण कुजलेलं हवं, काळं, भुसभुशीत, शेणाचा वास गेलेलं, आणि टाकण्याआधी चाळलेलं.

याच्याशीच जोडलेली एक गल्लत. ओला कचरा जिरवणाऱ्या सोसायट्यांत कंपोस्टच्या खड्ड्यात अंगठ्याएवढ्या जाड अळ्या सापडतात आणि लोक 'हुमणी, हुमणी' करत धावतात. त्यातली एखादी फरशीवर ठेवून बघा. पाठीवर उताणी पडून, पाय वर करून सरकत जात असेल तर ती फुलांवरच्या भुंगेऱ्याची अळी. ती कुजलेला पालापाचोळा खाते, तुमचं खत बारीक करते. फुकटची कामगार आहे, तिला परत खड्ड्यात सोडा.

मिल्की स्पोर हे मेसेजमधलं सगळ्यात भारदस्त वाक्य, आणि गंमत म्हणजे ते निव्वळ थाप नाही. ही पावडर खरी आहे. पेनिबॅसिलस पॉपिली नावाच्या जिवाणूचे बीजाणू तिच्यात असतात, बाधा झालेल्या अळीचं रक्त दुधासारखं पांढरं होतं म्हणून हे नाव. १९४८ साली अमेरिकेत तिची नोंदणी झाली. पण ती बनवली जॅपनीज बीटल नावाच्या भुंगेऱ्यासाठी, जो १९१६ मध्ये न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडला आणि मग तिकडच्या लॉनचा काळ झाला. पावडरीतला जिवाणूचा वाण अतिशय चोखंदळ आहे, मुख्यतः त्याच भुंगेऱ्याच्या अळीवर चालतो. आपल्या हुमणीची कुळी वेगळी, होलोट्रिकिया. म्हणजे कुलूप गोदरेजचं आणि चावी शेजारच्या कपाटाची. शिवाय जिवंत जैविक घटक परदेशातून आणायला सरकारी परवाना लागतो, ऑनलाइन कार्टमध्ये टाकून भागत नाही.

आणि आता ते शेवटचं, 'कधीही करा'. माझं खरं भांडण याच्याशी आहे. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेतच, पण ते बरोबर असते तरी या एका वाक्याने वाया गेले असते.

हुमणीचं वर्ष पावसाला बांधलेलं आहे. पहिल्या पावसानंतर भुंगेरे निघतात, काही दिवसांत मादी मातीत अंडी घालते, आठवड्या-दोन आठवड्यांत त्यातून तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या अळ्या बाहेर येतात. जुलैत त्या वरच्या थरात असतात, नाजूक असतात, कुजलेलं काहीबाही आणि बारीक मुळं खातात. दोनदा कात टाकून ऑगस्टच्या शेवटी त्या धष्टपुष्ट होतात, खरा फडशा तेव्हा पडतो. पण पाऊस चालू असतो, म्हणून अर्धी मुळं गेलेलं गवतही हिरवं दिसतं. मग ऑक्टोबरचं ऊन तापतं आणि दोन दिवसांत लॉनवर तपकिरी थापे उमटतात. तेव्हा आपल्याला जाग येते, तेव्हा मेसेज फिरतात. पण तोवर अळ्या मोठ्या, निबर झालेल्या असतात, आणि थोड्याच दिवसांत खोल जाऊन कोष करतात. त्यातून निघालेला भुंगेरा पुढच्या मृगापर्यंत जमिनीतच झोपून राहतो. नोव्हेंबरमध्ये कितीही सेंद्रिय काही टाका, निम्मं युद्ध संपलेलं असतं.

सेंद्रिय उपाय आहेत, आणि चांगले आहेत. दोन मी वापरले.

पहिला मेटारायझियम, मातीतलीच एक बुरशी. बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतो, त्वचा भेदून आत शिरतो, अळी मरते, मग तिच्यावर आधी पांढरी आणि नंतर हिरवी बुरशी येते. उसाच्या गावांत कृषी सेवा केंद्रात हे पाकीट सहज मिळतं. चांगल्या चाळलेल्या शेणखतात मिसळून, संध्याकाळी, ओल्या मातीत द्यायचं. उन्हात टाकलं तर बीजाणू मरतात, आणि त्याच आठवड्यात माळ्याने बुरशीनाशक मारलं तर तुम्ही पैसे देऊन पैसे मारले. हे सात दिवसांत काम करत नाही. आठवडे लागतात. पाकिटाची मुदत बघा, दुकानदाराने ते काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेलं असेल तर दुसरीकडे जा.

दुसरा उपाय कीटकभक्षी सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे हे जंत अळीच्या शरीरात शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू तिच्यात सोडतात, अळी एक-दोन दिवसांत मरते आणि विटकरी लाल दिसते. यातली हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात कोइंबतूरला सापडली, १९९२ मध्ये तिचं वर्णन झालं. आपल्या उष्ण हवेची तिला सवय आहे. शेतात हेक्टरी अडीच अब्ज हे ठरलेलं प्रमाण, म्हणजे चौरस सेंटीमीटरला २५. आमच्या साधारण २०० चौरस मीटरच्या लॉनला पाच कोटी. आकडा ऐकून खजिनदारांचा चेहरा पडला होता, पण पाच कोटी सूत्रकृमी एका छोट्या पाकिटात मावतात. पंपाची बारीक जाळी काढून, अंधार पडताना, आधी आणि नंतर पाणी देऊन फवारायचे. मुंबईत एक पथ्य जास्तीचं: मुसळधारेत नाही. माती पाण्याने भरून गेली की त्यांनाही श्वास घेता येत नाही. जुलैतली उघडीप गाठायची.

भुंगेऱ्यांसाठी प्रकाश सापळाही चालतो, पण लॉनच्या मधोमध नको. दिव्याकडे आलेले सगळेच टपात पडत नाहीत, उरलेले तिथेच अंडी घालतात. मृगाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लॉनवरचे हॅलोजन बंद ठेवा आणि एक दिवा गेटजवळच्या कडुनिंबाखाली, खाली पाण्याचं टप ठेवून, सात ते नऊ लावा. रॉकेल आता कुठे मिळतं? त्या पाण्यात भांड्यांचा साबण घाला. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोडतो आणि भुंगेरे बुडतात. मेसेजमधल्या साबणाची खरी जागा ही.

आमच्या माळीदादांनी मधेच 'थिमेट टाकू का ताई' असं हळूच विचारलं होतं. त्यातलं फोरेट हे जहाल कीटकनाशक देशात २०२० च्या अखेरपासून बंद आहे, आणि त्या लॉनवर पोरं अनवाणी खेळतात. नाही म्हटलं.

बी विंगच्या काकांनी परवा विचारलं, "मग आत्ता काहीच करायचं नाही?" करायचं. ज्या दोन जागी अळ्या निघाल्या तिथली माती हाताने उकरून त्या वेचायच्या, कठड्यावर ठेवायच्या, साळुंक्या आणि कावळे पुढचं बघतात. गवताचे नवे तुकडे लावायचे, महिनाभर मशीन वर ठेवून कापायचं. बाकी सगळं ७ जूननंतर. काकांनी सोसायटीच्या ऑफिसातलं कॅलेंडर काढलं, पण ते डिसेंबरलाच संपत होतं. म्हणाले, नवीन आलं की पहिलं काम हेच.