‘सगळा देखावा आहे’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. दोन तारे का दिलेत ते स्पष्ट लिहिलंत, हे बरं केलंत. तुमचं म्हणणं असं: संरक्षित जुनं घर म्हणून आम्ही मुक्कामाचे पैसे घेतो, पण खांबाला नवं लाकूड जोडलंय, मागची खोली उघडउघड नंतरची आहे, भिंतीचा चुना कपड्यांना लागतो, त्यापेक्षा सरळ सिमेंट मारा.

आधी खांबाचं सांगतो. पूर्वी कुणीतरी त्याच्या बुडाशी सिमेंटच ओतलं होतं. आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नाही आणि बुंधा कुजला. अख्खा खांब बदलणं सोपं होतं. सुतारांनी कुजका भाग तेवढाच कापला, तिरका सांधा घेऊन नवा तुकडा बसवला आणि तो मुद्दाम रंगवला नाही. जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ सालच्या व्हेनिस सनदेत हेच म्हटलंय: नवा भाग बाकीच्या वास्तूशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूही यावा. देखावाच करायचा असता तर तो सांधा तुम्हाला दिसला असता का?

मागची खोली नंतरची, यात वादच नाही. तिच्या तुळयांवर कमानीसारखे ओरखडे आहेत, ते यंत्रावरच्या गोल करवतीचे. अशा करवती १९व्या शतकात सर्रास झाल्या. पुढच्या दालनातल्या तुळया वाकस या सुताराच्या हातहत्याराने तासलेल्या आहेत, हात फिरवला की उथळ खळगे लागतात. खिळेही बघा. पुढचे लोहाराने घडवलेले, चौकोनी, टोकाकडे निमुळते. मागचे तारेचे, गोल. तुमची नजर चांगली आहे, निष्कर्ष तेवढा पटला नाही. प्रत्येक काळात पडलेली भर जपावी, असंही तीच सनद सांगते. मागची खोली पाडून घर ‘अस्सल’ करायचं आमच्या मनातही नाही.

राहिला चुना. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल सुकत राहते, म्हणून तो ठेवलाय. वरची सफेदी कपड्यांना लागते हे खरं. खोलीतल्या सूचनेत तसं लिहिलेलंही आहे. सिमेंटचा अनुभव खांबाने एकदा घेतलाय, तेवढा पुरे.

माळ्याचा जिना उभा आहे ही तक्रार मात्र रास्त. तो बदलता येणार नाही. पुन्हा येणार असाल तर बुकिंग करतानाच सांगा, तळमजल्यावरची खोली देऊ.