‘जाळी बदलायला दिवसभर?’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंय, “बीडच्या या गॅरेजात पेट्रोलची जाळी बदलायला दिवसभर गाडी ठेवली, लॅपटॉप लावून साडेचार हजार घेतले. जुन्या गाडीला मिस्त्री स्क्रू फिरवून दहा मिनिटांत नीट करायचा.”

तुम्हाला फोन न करता टाकीतला पेट्रोलचा पंप उघडला, ही आमची चूक. त्या कामाची मजुरी परत घेऊन जा.

पण दिवस कशात गेला तेही सांगतो. तुमची जुनी गाडी कार्बोरेटरची. इंजिन हवा ओढायचं, त्या ओढीनं पेट्रोल यायचं, म्हणून स्क्रूवर काम भागायचं. आताच्या गाडीत तो स्क्रूच नाही. टाकीतला पंप साधारण ३ बार दाबानं पेट्रोल ढकलतो. हवा किती आली, इंजिन किती तापलंय, हे सेन्सरकडून घेऊन ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. गाडी उभी असताना, ८०० आरपीएमला, प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला सहा-सात वेळा उघडतो, दर वेळी जेमतेम २-३ मिलिसेकंद.

म्हणजे ईसीयूच्या हातात फक्त वेळ. दाबच पडला तर तेवढ्या वेळात पेट्रोल कमी जातं. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो, ईसीयू वेळ वाढवतो, आणि वाढवायची हद्द संपली की डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. म्हणून तुमची गाडी गावात ठीक चालायची आणि मांजरसुंब्याच्या घाटात झटके मारायची. चढाला पेट्रोल जास्त लागतं.

स्कॅनरवर कोड आला पी ०१७१, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. कोड पार्टचं नाव सांगत नाही, दादा. तुम्ही आधी दुसरीकडे ऑक्सिजन सेन्सर बदलून आला होतात, तो खर्च वाया गेला याचं मलाही वाईट वाटतं. जुना सेन्सर खरं तेच सांगत होता. हाच कोड हवेच्या पाइपातून चोरटी हवा शिरली तरी येतो, म्हणून आधी सगळे पाइप तपासले. मग पेट्रोलचा दाब मोजायचा गेज लावला, तर रेस दिल्यावर दाब २ बारच्याही खाली. तेव्हा कुठं मागची सीट काढून पंप बाहेर घेतला. जाळी गाळानं बुजलेली होती. नवी बसवून घाट चढून आलो, मगच चावी दिली.

जुनी जाळी ठेवलीय, येऊन बघा. आणि गाडी सारखी रिझर्व्हवर चालवू नका. तो पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.